पिटकेर्न: गव्हर्नर वेलिंग्टनला, सरपंच बेटावर

पिटकेर्न म्हटलं की ‘बाउंटी’ या ब्रिटिश जहाजावरच्या खलाशांचं बंड आठवतं आणि पाठोपाठ एक समजूत येते: बंडखोरांच्या वंशजांनी प्रशांत महासागरात स्वतंत्र राज्य थाटलंय. ऐकायला झकास, पण खरं नाही. हा ब्रिटनचा सागरापलीकडचा प्रदेश आहे. चार बेटांपैकी वस्ती एकावरच, आणि तीही जेमतेम पन्नासाच्या घरात.

मग ब्रिटिश गव्हर्नर तिथल्या बंगल्यात राहत असणार? तेही नाही. न्यूझीलंडमधले ब्रिटनचे उच्चायुक्तच पिटकेर्नचे गव्हर्नर, आणि त्यांचा मुक्काम पाच हजार किलोमीटरहून लांब, वेलिंग्टनला. पूर्वी हे काम फिजीच्या गव्हर्नरकडे होतं. 1970मध्ये फिजी स्वतंत्र झालं आणि पिटकेर्नचा कारभार न्यूझीलंडमधल्या उच्चायुक्तांकडे आला. बेटावर विमानतळ नाही. मोठं जहाज बाहेर खोल पाण्यात थांबतं, गावकरी लाँगबोट घेऊन जातात आणि माणसं, पोती, पेट्या ‘बाउंटी बे’ या खाडीत उतरवतात. साहेबही याच वाटेनं येतो.

इतकी थोडी माणसं, म्हणजे सगळे चौकात बसून ठरवत असतील, असंही वाटतं. प्रत्यक्षात तिथे निवडून आलेली परिषद आहे: मेयर, उपमेयर आणि पाच सदस्य. (मेयरला महापौर म्हणावं तर डोळ्यांपुढे महानगरपालिका येते, सरपंच शब्द जास्त शोभतो.) रोजचा कारभार परिषद पाहते, पण 2010च्या राज्यघटनेनुसार कायदे गव्हर्नर करतात. परिषदेशी सल्लामसलत करावी लागते, मात्र शेवटचा शब्द तिचा नसतो. खर्चाचा मोठा भारही ब्रिटनच उचलतो.

आडबाजूचं बेट, म्हणजे मागासलेलं असणार हा तर्कही फसतो. 1838 साली ब्रिटिश नौदलाचे कॅप्टन रसेल इलियट यांनी लिहून दिलेल्या नियमांत अठरा वर्षांवरच्या स्त्रियांनाही पुरुषांच्या बरोबरीनं मत होतं. खुद्द ब्रिटनमध्ये ती बरोबरी 1928 साली आली.

राहिला सर्वांत चिवट समज: तिथे इंग्रजी कायदा चालत नाही. हा तर कोर्टातच मांडला गेला. 2004 साली लैंगिक अत्याचारांच्या आरोपांवरून सात पुरुषांवर बेटावर खटला चालला; न्यायाधीश, वकील न्यूझीलंडहून आले. सहा जण दोषी ठरले, त्यांत तेव्हाचा मेयरही होता. बचाव असा, की 1790मध्ये पूर्वजांनी ‘बाउंटी’ जाळली तेव्हाच ब्रिटनशी नातं तोडलं. 2006मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे अपिलाच्या शेवटच्या न्यायालयानं, तो फेटाळला. बेटावर मात्र वेगळीच धास्ती होती: हे धडधाकट गडी तुरुंगात गेले, तर लाँगबोट हाकणार कोण?