परांची, चर आणि मजुराचा जीव

शाळेची नवी खोली, पाण्याची टाकी, नळयोजनेचा चर ही कामे आता बहुतेक गावांच्या परिचयाची झाली आहेत. ती पार पाडणारे गवंडी, बिगारी व सेंट्रिंगवाले मात्र पुष्कळदा नशिबाच्या भरवशावर राबतात. 'इतकी वर्षे काम करतो, काही झाले नाही' असे ते म्हणतात. यास बेफिकिरी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु तिच्यामागे एक हिशेब असतो.

काम बहुधा उक्ते दिले जाते. भिंत किती चढली यावर पैसे ठरतात. परांचीला तिरपे बांबू देणे, फळ्या जखडणे, कठडा बांधणे यांत अर्धा दिवस जातो आणि त्या अर्ध्या दिवसाची मजुरी कोणीच देत नाही. मग एकाच फळीवर उभे राहून गिलावा होतो. केवळ हेल्मेट वाटून ही सवय सुटत नाही. उन्हाळ्यात तर ते बांबूलाच टांगलेले आढळते!

चर परांचीहून फसवा असतो. उंचीचे भय डोळ्यांना दिसते, मातीचे दिसत नाही. एक घनमीटर माती सुमारे दीड टन किंवा अधिक भरते. छातीपर्यंत गाडल्या गेलेल्या माणसाचे तोंड मोकळे असले तरी त्याचा श्वास कोंडू शकतो. काळी माती सुकताना भेगाळते आणि उभी वाटणारी कड अवचित सुटते. त्याला काढण्यास धावून उतरलेले सोबतीही दुसऱ्या दरडीखाली सापडतात. म्हणून दीड मीटरहून खोल चराच्या बाजूंना फळ्या व टेकूंचा आधार द्यावा किंवा त्या उतरत्या कापाव्यात. उपसलेली माती काठापासून किमान दीड मीटर दूर टाकावी. आत शिडी ठेवावी.

१९९६ च्या केंद्रीय कायद्याने पाचशे वा अधिक बांधकाम कामगारांच्या ठिकाणी सुरक्षा अधिकारी आवश्यक केला. २०२० च्या संहितेने ही मर्यादा अडीचशेवर आणली. गावातील कामावर दहा-पंधरा माणसे असतात. तेथे असा अधिकारी येणार नाही. मुकादम, शाखा अभियंता व काम देणारी ग्रामपंचायत यांच्यावरच सारे येऊन पडते.

पंचायतीच्या हाती एक परिणामकारक साधन आहे, ते म्हणजे अंदाजपत्रक. अनेक बाबींच्या दरात परांचीचा खर्च धरलेला असतो. पण 'परांचीसह' या एका शब्दात तो लपतो. ठेकेदाराने तो वाचविला तरी देयक कमी होत नाही. परांची व चराचा आधार ही स्वतंत्र मोजमापाची बाब केली, तर बांधणाऱ्यास त्या अर्ध्या दिवसाचे दाम मिळेल आणि न बांधणाऱ्याचे देयक तेवढ्यापुरते थांबेल. मजूर परप्रांतीय असल्यास सूचना त्यांच्या भाषेत, रोज सकाळी काम सुरू होण्यापूर्वी मुकादमाने द्याव्यात. पावसाळ्यापूर्वी घाईने उरकल्या जाणाऱ्या नळयोजनांच्या कामी अभियंत्याची भेट चर उघडा असतानाच व्हावी. बुजविल्यानंतर आधार होता की नव्हता, हे कोणास सांगता येणार?