कुलुपांतलीं गाणीं आणि वारसदार

कर्ता पुरुष मृत्युपत्र न करितां निवर्तला म्हणजे घरांत काय होतें, हें आमच्या वाचकवर्गास सांगावयास नको. तेराव्या दिवसापर्यंत सर्व मंडळी हळू आवाजांत बोलतात. चौदाव्या दिवशीं कोणीतरी किल्ल्यांची चौकशी करतो. तथापि कपाटांत दागिने, रोखे आणि शेताचे उतारे निघाले, तर त्यांची वांटणी कशी करावी हें शास्त्रांत सांगितलें आहे व कायद्यांतही आहे. कपाटांतून गाणीं निघालीं, आणि तींही खुद्द गायकानें हयातींत बाहेर काढलीं नव्हतीं अशीं, तर काय करावें? अमेरिकेंत गेलीं कांहीं वर्षें एका मोठ्या गायकाच्या घरीं हा प्रश्न पडलेला आहे. त्याची हकीकत कुटुंबवत्सल वाचकांस उद्बोधक वाटेल म्हणून येथें देत आहों.

हा गायक म्हणजे प्रिन्स. प्रिन्स रॉजर्स नेल्सन हें त्याचें पूर्ण नांव. मिनेसोटा संस्थानांतील मिनिॲपोलिस शहरीं ७ जून १९५८ रोजीं तो जन्मला. बाप पियानो वाजवी, आई गात असे. पुढें हा मुलगा स्वतःच पदें रची, स्वतःच गाई आणि बहुतेक वाद्यें स्वतःच वाजवी. १९८४ सालच्या ‘पर्पल रेन’ ह्या चित्रपटानें व त्यांतील गाण्यांनीं त्याचें नांव जगभर झालें. ख्याल-ठुमरीवर पोसलेल्या आमच्या कानांस हें संगीत प्रथम गोंगाट वाटलें, हें कबूल करतों. त्यांतील कांहीं पदांचा विषय चारचौघांत बोलण्यासारखा नाहीं, हेंही खरें. परंतु नातवाच्या आग्रहास्तव दोनतीन वेळां लक्ष देऊन ऐकल्यावर, हा मनुष्य सुराचा पक्का होता याविषयीं आमच्या मनांत शंका उरली नाहीं.

त्याचा स्वभाव ध्यानांत घेतल्यावांचून पुढील प्रकरण समजणार नाहीं. आपल्या गाण्यावर धनीपणा आपला असावा, हा त्याचा जन्माचा ध्यास होता. १९८७ च्या डिसेंबरांत ‘ब्लॅक अल्बम’ नांवाच्या ध्वनिमुद्रिका छापून तयार होत्या. प्रसिद्धीस अवघा आठवडा उरला असतां त्यानें त्या मागें घेतल्या. त्या अधिकृतपणें बाहेर आल्या त्या १९९४ मध्यें. वॉर्नर कंपनीशीं वितुष्ट आल्यावर १९९३ सालीं त्यानें आपलें नांवच टाकून दिलें व त्याऐवजीं उच्चार न करतां येणारें एक चिन्ह धारण केलें. गालावर ‘गुलाम’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द लिहून तो रंगमंचावर उभा राही. मूळ मुद्रणांचे हक्क त्याच्या हातीं परत आले ते २०१४ मध्यें. काय ऐकवावें इतकेंच नव्हे, तर काय ऐकवूं नये हेंही ठरविणारा असा हा गृहस्थ होता. चॅनहॅसन गांवीं ‘पेझली पार्क’ म्हणून त्याची वास्तू आहे. तिच्यांत एक भक्कम दाराची खोली होती, आणि वर्षानुवर्षें केलेलीं पण प्रसिद्ध न केलेलीं मुद्रणें तींत सांठत गेलीं.

२१ एप्रिल २०१६ रोजीं, वयाच्या ५७ व्या वर्षीं, त्याच वास्तूंत त्याचा अंत झाला. वेदना शमविण्याच्या बनावट गोळ्यांत फेंटानिल नांवाचें जहाल द्रव्य होतें. आईबाप आधींच गेलेले, एकुलता मुलगा जन्मानंतर थोड्याच दिवसांत वारलेला, दोन विवाह झाले ते दोन्ही मोडलेले. मृत्युपत्र सांपडलें नाहीं. आयुष्यभर करारांतील अक्षर-अक्षर पारखून घेणाऱ्या मनुष्यानें हा एकच कागद करावयाचा ठेवला, ह्याचें आम्हांस अजूनही नवल वाटतें. मग न्यायालयांत वारसांची रांग लागली. चाळिसांवर लोकांनीं आपण नातलग असल्याचें सांगितलें. तुरुंगांतल्या एका कैद्यानें आपण पुत्र आहों असा दावा लावला. जनुकांच्या तपासणींत तो खोटा ठरला. अखेर मे १९१७ नव्हे, २०१७ उजाडल्यावर — शतकाचा आंकडा चुकण्याची आमची ही जुनी खोड — सहा वारस कायम झाले: सख्खी बहीण टायका नेल्सन आणि पांच सावत्र भावंडें. सर्वांस हिस्सा सारखा.

येथें आपल्या कायद्याची आठवण होते. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें, नातें सारखेंच असेल तर सख्ख्यास सावत्रापेक्षां अग्रहक्क आहे. म्हणजे हीच गोष्ट आपल्याकडे घडती तर एकटी टायकाच सर्वांची धनीण झाली असती. मिनेसोटाच्या कायद्यांत सख्खें-सावत्र हा भेद नाहीं. दुसरी आठवण मिताक्षरेंतील ‘विद्याधना’ची. एकत्र कुटुंबांत राहूनही विद्येच्या बळावर मिळविलेलें धन मिळविणाराचें स्वतःचें; भावांनीं त्यांत वाटा मागूं नये. परंतु घराच्या खर्चानें शिकलेल्याचें धन ह्या सदरांत बसतें कीं नाहीं, यावर पुष्कळ वर्षें वाद चालले, आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या खटपटीनें १९३० सालीं ह्या विषयावर स्वतंत्र कायदा झाला तेव्हां ते मिटले. हें सर्व जिवंत माणसाच्या हक्काविषयीं झालें. तो गेल्यावर विद्याधन हेंही इतर धनासारखेंच वांटलें जातें. किंमत वांटतां येते. निवड मात्र वांटतां येत नाहीं, आणि ह्या प्रकरणाचें मर्म आमच्या मतें येथें आहे.

किंमतीचीच गोष्ट आधीं सांगतों, कारण गाणीं बाहेर काढण्याची घाई कोठून येते हें तीवरून कळतें. इस्टेटीची व्यवस्था न्यायालयानें प्रथम एका पेढीकडे व पुढें ‘कमेरिका’ ह्या दुसऱ्या पेढीकडे सोंपविली. ह्या पेढीनें इस्टेटीची किंमत सुमारें ८ कोटी २३ लक्ष डॉलर धरली. सरकारच्या कर-खात्यानें १६ कोटी ३२ लक्ष धरली. २०२२ च्या आरंभीं १५ कोटी ६४ लक्षांवर तडजोड झाली. कर द्यावयाचा रोख, आणि मिळकत मुख्यतः गाण्यांच्या रूपांत. तेव्हां कपाट उघडल्यावांचून गत्यंतर नव्हतें. त्यांतही गोंधळ झाला. युनिव्हर्सल कंपनीशीं ३ कोटी १० लक्ष डॉलरांचा करार करण्यांत आला. परंतु वॉर्नर कंपनीच्या हक्कांशीं त्याचा विरोध येतो असें निघाल्यावर जुलै २०१७ मध्यें न्यायाधीशांनीं तो रद्द केला. प्रिन्सच्या जुन्या ध्वनिलेखकांपैकीं एकानें आपल्याजवळचीं गाणीं परस्पर प्रसिद्ध करण्याचा घाट घातला, त्यासही त्याच वर्षीं न्यायालयानें अडविलें.

त्यानंतर त्या खोलींतील फिती लॉस एंजेलिस येथील संरक्षित कोठारांत हलविण्यांत आल्या. कांहीं वारसांस हें रुचलें नाहीं, आणि अनेक रसिकांसही तें देवघरांतील देव उचलून नेल्यासारखें वाटलें. आम्ही मात्र ह्या बाबतींत पेढीच्या बाजूचे आहों. फीत ही नाशिवंत वस्तु आहे. दमटपणा आणि आग यांस भक्तिभाव कळत नाहीं. २००८ सालीं हॉलिवुडांत युनिव्हर्सलच्या आवारांत आग लागून किती तरी गायकांचीं मूळ मुद्रणें जळालीं, हें त्या लोकांस ठाऊक होतें.

आतां प्रत्यक्ष प्रकाशनें पाहूं. २०१८ च्या सप्टेंबरांत ‘पियानो अँड अ मायक्रोफोन १९८३’ निघालें. घरीं पियानोपुढें एकटाच बसून केलेला हा रियाज, एका साध्या कॅसेटवर घेतलेला, सुमारें पस्तीस मिनिटांचा. कांहीं गाणीं अर्धवट आहेत. एकांतून दुसऱ्यांत तो सहज शिरतो, मधूनच ध्वनिलेखकाशीं दोन शब्द बोलतो. रसिकांस तें फार आवडलें, पण हें त्यानें स्वतः कधीं विकावयास काढलें असतें काय, असेंही कांहींनीं विचारलें. २०१९ मध्यें ‘ओरिजिनल्स’ आलें: दुसऱ्यांस देऊन टाकलेलीं गाणीं त्याच्या स्वतःच्या गळ्यांतून. ‘वेलकम टू अमेरिका’ हा संग्रह त्यानें २०१० सालीं तयार केला व बाजूस ठेवला. तो २०२१ च्या जुलईंत बाहेर आला. हीं तिन्ही एकाच तोलाचीं नव्हेत. पहिलें म्हणजे कानावर पडलेला एकांत, दुसरें दुसऱ्यास दिलेल्या देणगीची मूळ प्रत, आणि तिसरें विचारपूर्वक मागें ठेवलेलें काम. ‘अप्रकाशित’ ह्या एका शब्दाखालीं तिन्ही विकलीं जातात, हें आम्हांस बरें वाटत नाहीं.

ह्या पहिल्या संग्रहावरून घरची एक गोष्ट आठवली. आमचे थोरले बंधु हौसेनें गात. त्यांच्या बैठकींच्या सतरा ध्वनिफिती माळ्यावर आहेत, आणि त्यांतील एकीवर त्यांच्याच हातचें ‘ऐकूं नये’ असें लिहिलेलें आहे. त्या दिवशीं त्यांचा घसा बसला होता. पुतण्यानें सोळा फिती यंत्रावर उतरवून घेतल्या व सतरावीविषयीं आम्हांस विचारलें. आम्हीं अर्थातच नको म्हटलें. पण वहिनी म्हणाल्या, “भावजी, त्याच फितींत ते मध्येंच मला पाणी मागतात. तेवढें तरी ऐकूं द्या.” ती फीत आम्हीं लावली. गाणें खरोखरच वाईट होतें. वहिनींनीं ती दोन वेळां ऐकली, व नंतर पुतण्यानें ती पुन्हां माळ्यावर नेऊन ठेवली. यंत्रावर उतरविली नाहीं.

गायकाची इच्छा मोडून कांहींच प्रसिद्ध करूं नये, असा कडक पक्ष घ्यावा, तर शोपँचें उदाहरण आड येतें. अपुरीं राहिलेलीं हस्तलिखितें जाळून टाकावीं अशी त्याची अंतकालची इच्छा होती. तो १८४९ मध्यें पॅरिस येथें वारला. आई व बहिणी यांच्या संमतीनें त्याचा मित्र फोन्ताना यानें १८५५ सालीं त्यांतील निवडक रचना छापल्या, आणि ६६ व्या क्रमांकाची जी रचना आज घरोघरचे पियानो शिकणारे वाजवितात ती त्यांतलीच. पुढें विसाव्या शतकांत पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांस शोपँच्या स्वतःच्या हातची तिची प्रत सांपडली, तेव्हां छापील पाठ व हा पाठ यांत फरक निघाले. मित्राच्या हातूनही पाठभेद शिरतात. भांडारकर संस्थेच्या पंडितांनीं महाभारताच्या एकेका श्लोकाखालीं पाठभेद नोंदवून ठेवले, ती शिस्त ध्वनिमुद्रिकांच्या व्यापाऱ्यांस कोणी शिकवील तर बरें. जिमी हेंड्रिक्स हा गिटारवादक १९७० मध्यें गेल्यावर १९७५ च्या ‘क्रॅश लँडिंग’मध्यें त्याच्या मूळ साथीदारांचें वादन पुसून नव्या वादकांची साथ त्याच्या सुरांखालीं घालण्यांत आली! १९९५ मध्यें बापानें हक्क परत मिळविले. अशा विद्रूपीकरणाविरुद्ध आपल्याकडे १९५७ च्या कायद्याचें ५७ वें कलम आहे, तें मृत कर्त्याच्या वारसांसही चालवितां येतें. २०१२ च्या दुरुस्तीनें गायक-वादकांसही तसें संरक्षण मिळालें.

वारसांच्या हातीं आणखी एक सत्ता असते, ती नकाराची. प्रिन्सचें ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’ हें गाणें आयरिश गायिका शिनेड ओकॉनर हिनें १९९० मध्यें जगभर नेलें. २०२२ सालीं तिच्या जीवनावर चित्रपट निघाला, त्यांत हेंच गाणें वापरण्यास प्रिन्सच्या इस्टेटीनें मनाई केली. कायद्यानें तें बरोबर असेल. आमच्या मनास मात्र हें कोतेपण वाटलें. ज्या मुखानें पद अमर केलें त्या मुखास तें नाकारणें आपल्याकडील हट्टी घराणेदारांसही शोभलें नसतें. दुसरा नकार अधिक मोठा. एझ्रा एडेलमन ह्या दिग्दर्शकानें प्रिन्सवर नऊ तासांचा माहितीपट तयार केला होता. त्यांत गायकाच्या स्वभावाची काळी बाजूही होती असें वृत्तपत्रांतून आलें. इस्टेटीनें हरकत घेतली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्यें नेटफ्लिक्स कंपनीनें तो दाखविणार नसल्याचें जाहीर केलें. कपाटांतील अपुरें गाणें विकावयास काढणाऱ्यांसच पुऱ्या झालेल्या चरित्राची भीति वाटावी, हें आम्हांस विसंगत वाटतें.

२०२२ च्या ऑगस्टांत इस्टेटीचे दोन भाग पडले. एक भाग तीन भावंडांच्या बाजूकडे व त्यांच्या सल्लागारांकडे गेला. दुसरा ‘प्रायमरी वेव्ह’ ह्या कंपनीकडे, कारण उरलेल्यांनीं आपले हिस्से बव्हंशीं तिला विकले होते. २०२४ मध्यें पहिल्या पक्षांतच वारस आणि सल्लागार यांचा तंटा पुन्हां न्यायालयांत गेला. सहांपैकीं अल्फ्रेड २०१९ मध्यें, जॉन २०२१ मध्यें आणि सख्खी बहीण टायका २०२४ च्या नोव्हेंबरांत वारली. त्या फितींवर आतां घरच्या माणसांइतकाच एका परक्या कंपनीचा हक्क आहे.