काच किती बारीक कुटायची?

कॅनडातल्या माँट्रियल शहरात, नन्स आयलंड नावाच्या बेटावर, डार्विन पुलांची जोडी आहे. २०२०-२१मध्ये हे पूल बांधताना काँक्रीटमधलं दहा टक्के सिमेंट वगळलं आणि त्याऐवजी वाइनच्या सुमारे ७० हजार बाटल्यांची पूड घातली.

पूड, तुकडे नव्हेत. ग्यानबाची मेख तिथेच आहे.

बाटल्या फोडून चुरा वाळू-खडीच्या जागी वापरायचा, हे तसं कुणालाही सुचेल. अमेरिकेत १९६०च्या दशकात ते करूनही पाहिलं; काँक्रीट फुगून तडकलं. वाळूतला क्वार्ट्‌झ आणि काच, दोन्हींत मुख्यतः सिलिकाच. पण क्वार्ट्‌झमधले अणू ओळीने बसलेले, काचेतले अस्ताव्यस्त. काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतलं पाणी जहाल अल्कधर्मी असतं. ते अशा विस्कळीत सिलिकाला विरघळवतं, त्यातून चिकट जेल तयार होतं, जेल पाणी पिऊन फुगतं आणि काँक्रीट आतून फाटतं. रस्ते-पुलांना होणारा हा रोग कॅलिफोर्नियाच्या थॉमस स्टँटन या अभियंत्याने १९४०मध्ये उलगडला होता. तिथे गुन्हेगार नैसर्गिक दगड होते, काच नव्हती.

काचेमुळे तडकलेल्या काँक्रीटमधला काचेचा कण सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर एक मजा दिसते. कणाचा बाहेरचा पृष्ठभाग बराचसा शाबूत असतो. जेल साचतं ते बाटली फोडताना कणाच्या पोटात पडलेल्या बारीक चिरांमध्ये. मिलिमीटरभराच्या कणांत अशा चिरा भरपूर, म्हणूनच ते सर्वांत उपद्रवी. तेच ०.३ मिलिमीटरच्या खाली आणले की फुगणं जवळजवळ थांबतं.

आणखी दळून ७५ मायक्रॉनखाली नेली, की काच पक्ष बदलते. सिमेंट पाण्यात मुरताना सुटणाऱ्या चुन्याशी तिचा संयोग होऊन काँक्रीटला बांधून ठेवणारा पदार्थच तयार होतो. औष्णिक वीजकेंद्रांतली फ्लाय अ‍ॅश आपल्याकडे हेच काम करते. अशा काचपुडीसाठी अमेरिकेच्या एएसटीएम संस्थेने २०२०मध्ये स्वतंत्र मानकही काढलं.

दळायला वीज लागते, हे खरं. पण सिमेंट बनवताना कच्चा माल भाजायला भट्टी १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. तरी धडधाकट बाटली कुटू नये, असं माझं मत. बिअरची बाटली भंगारवाल्याकडून कारखान्यात परतून पुन्हा भरली जाते, तेच उत्तम. दळायची ती फुटकी, रंगांची सरमिसळ झालेली काच. पांढऱ्या बाटलीच्या भट्टीत तिला कुणी घेत नाही.