पाद, पाव आणि महिरप : लेखनचिन्हांच्या नावांचा मागोवा

मराठी लेखनातील चिन्हांची नावे दोन कुळांतील आहेत. पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, संयोगचिन्ह ही नावे चिन्हाचे कार्य सांगतात आणि ती व्याकरणकारांच्या टेबलावर घडली आहेत. वेलांटी, हंसपद, महिरपी कंस ही नावे मात्र चिन्हाचे रूप डोळ्यांपुढे उभे करतात आणि ती शाळेच्या पाटीवर, पोथीच्या समासात, घराच्या दारावर किंवा पेढीच्या वहीत जन्मली आहेत. वस्त्यांच्या नावांतही असाच भेद आढळतो. म्हैसूर शहरात देवराज मोहल्ला आणि कृष्णराज मोहल्ला ही नावे राजांची आठवण ठेवतात, तर लष्कर मोहल्ला आणि मंडी मोहल्ला ही नावे तिथे चाललेल्या कामाची खूण सांगतात. त्यांतही ‘मंडी’ म्हणजे घाऊक बाजार हा उत्तरेकडचा शब्द, ‘मोहल्ला’ हा अरबीतील ‘महल्ला’ आणि दोन्ही मुक्कामाला कन्नड मुलखात. लेखनचिन्हांची नावेही अशीच कामातून निघतात, भाषांच्या वेशी ओलांडतात आणि मूळ काम सरल्यावरही मागे उरतात.

पहिल्या कुळाचा इतिहास तुलनेने अलीकडचा आहे. मोडी लिपीत लिहिणारा कारकून आधी कागदावर सलग शिरोरेघ ओढून घेई आणि मग हात शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे भरत जाई, त्यामुळे शब्दाशब्दांत अंतर नसे आणि वाक्य कोठे संपले हे वाचणाऱ्याने अर्थावरून ताडावे लागे. संपूर्ण पत्राचा शेवट मात्र काटेकोरपणे दाखवला जाई. मजकूर संपल्यावर लेखनसीमेची छोटी मुद्रा उमटे, जेणेकरून तिच्यापुढे कोणी ओळ घुसडू नये. तिलाच ‘मोर्तब’ म्हणत, आणि व्यवस्थित लावलेले या अर्थाच्या ‘मुरत्तब’ या अरबी शब्दावरून आलेले ते नाव आजही ‘शिक्कामोर्तब’ या शब्दात टिकून आहे. छापखान्याबरोबर इंग्रजी धर्तीची चिन्हे आली, आणि ती मराठीत रुजवण्याचे श्रेय मुख्यतः कोशकार मेजर थॉमस कँडी (१८०४–१८७७) यांना दिले जाते. त्यांचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रीक परंपरेत ‘कोमा’, ‘कोलोन’ आणि ‘पेरिओदोस’ ही मुळात वाक्याच्या लहानमोठ्या तुकड्यांची नावे होती, ‘कोमा’ म्हणजे तर शब्दशः कापलेला तुकडा, आणि पुढे ती त्या तुकड्यांच्या शेवटी पडणाऱ्या ठिपक्यांना चिकटली. मराठीने तुकड्यांऐवजी थांबण्याचे माप पाहिले व स्वल्प, अर्ध, अपूर्ण आणि पूर्ण अशी विरामांची चढती श्रेणी लावली.

दुसरे कूळ याहून जुने आणि घरगुती आहे. इकाराचे चिन्ह वेलीसारखे वळते म्हणून ती वेलांटी झाली. व्यंजनातील अकार काढून टाकण्याची जी खूण व्याकरणात हलन्त म्हणून ओळखली जाते, तिला शाळेत ‘पाय मोडणे’ म्हणतात, कारण तिरपी रेघ अक्षराच्या तळाशी येते आणि अक्षर लंगडे झाल्याचा भास होतो. कन्नड लिपीतही गुरुजींची भाषा अशीच चित्रमय आहे. अक्षराच्या माथ्यावरील फाट्याला तिथे ‘तलकट्टु’, म्हणजे डोक्याला बांधलेले, असे म्हणतात. उकाराचे चिन्ह ‘कोंबु’, म्हणजे शिंग. आणि ऋकाराच्या चिन्हाचे नाव ‘वट्रसुळि’, ज्यातील ‘सुळि’चा अर्थ भोवरा. त्यामुळे मंडी मोहल्ल्यातील दुकानांच्या कन्नड पाट्यांवर ज्याला शिंग दिसते त्याला मराठी शाळेत नुसता उकार म्हणतात, आणि मराठीत जिथे वेल चढते तिथे कन्नडमध्ये दुसरेच काही असते. ध्वनी तोच राहिला तरी आकार बदलला की नावही बदलते, हे या कुळाचे ठळक लक्षण होय.

प्राण्यापक्ष्यांची पावलेही लेखनात उमटली आहेत. लिहिताना सुटलेला शब्द वर किंवा समासात लिहून तो कोठे घ्यायचा हे दाखवणाऱ्या टोकदार खुणेला संस्कृत पोथ्यांच्या परंपरेत ‘काकपद’, म्हणजे कावळ्याचे पाऊल, आणि मराठीत ‘हंसपद’ असे नाव आहे. याच खुणेचे इंग्रजी नाव ‘कॅरेट’ मात्र ‘उणे आहे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आले. म्हणजे तिथे व्याकरणकार बोलतो आणि इथे चित्रकार. जर्मन भाषेत अवतरणचिन्हांना ‘गेन्सेफ्यूसशेन’, म्हणजे बदकाच्या जातीतील गान्स या पक्ष्याची चिमुकली पावले, असे म्हणतात, आणि विशेष हे की जर्मन ‘गान्स’ व संस्कृत ‘हंस’ हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन भारोपीय मूळ शब्दाचे वंशज आहेत. एकाच पक्ष्याचे पाऊल दोन टोकांच्या भाषांत दोन वेगळ्या चिन्हांवर पडले, ते कोणी कोणाकडून उसने न घेता.

महिरपी कंसाची वाट यापेक्षा लांबची आहे. ‘कंस’ हा शब्द मराठी भूमितीत वर्तुळाच्या कमानदार भागासाठीही वापरतात, त्यामुळे साध्या गोल कंसाचे नाव सहज उलगडते. पण मध्यभागी टोक काढलेल्या कंसाला ‘महिरपी’ हे विशेषण लागले ते मशिदीत मक्केची दिशा दाखवणाऱ्या भिंतीतील कोनाड्यामुळे, ज्याला अरबीत ‘मिहराब’ म्हणतात. हा शब्द मराठीत येताना धार्मिक अर्थ मागे ठेवून कमानीच्या नक्षीपुरता उरला. तो वाड्याच्या दारावर बसला, गणपतीच्या मखरात आला, सणाच्या पंगतीत ताटाभोवतीच्या रांगोळीलाही महिरप म्हणू लागले, आणि शेवटी बीजगणिताच्या वहीत पदांना कवेत घेणाऱ्या चिन्हाचे नाव झाला. ‘अर्धचंद्र’ या नावाने उलट दिशेचा अनुभव दिला. ‘बॅट’ किंवा ‘बॉल’ यांसारख्या परक्या शब्दांना मराठीत आत घेण्यासाठी ही खूण वापरतात, तर वाक्प्रचारात ‘अर्धचंद्र देणे’ म्हणजे हाकलून देणे, कारण मान धरण्यासाठी पसरलेला अंगठा आणि बोटे यांचा आकार तसाच होतो.

नावांचा सर्वांत दाट गुंता हिशेबाच्या वहीत सापडतो. श्लोकाच्या अर्ध्यावर येणारी उभी रेघ ‘दंड’ म्हणून ओळखली जाते, पण तीच रेघ जुन्या मराठी हिशेबात आकड्यापुढे आली की ‘पाव’ होते. एकावर एक रेघ म्हणजे सव्वा, दोन म्हणजे दीड आणि तीन म्हणजे पावणेदोन. ‘पाव’ हा शब्द संस्कृत ‘पाद’ यावरून आला आहे, कारण चार पायांपैकी एक तो चौथा हिस्सा, आणि हाच ‘पाद’ हंसाच्या पावलात व मोडलेल्या पायातही आहे. इलेक्ट्रॉनिक पत्त्यातील ‘@’ या चिन्हाची कथाही चौथ्या हिश्शाचीच आहे. स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांत त्याला ‘आरोबा’ म्हणतात, जे मूळचे एका वजनाचे नाव असून ‘चौथा भाग’ या अर्थाच्या ‘अर-रुब’ या अरबी शब्दापासून बनले आहे. १५३६ साली सेव्हिल येथून लिहिलेल्या एका फ्लोरेन्सच्या व्यापाऱ्याच्या पत्रात हे चिन्ह मद्याच्या मापासाठी आले आहे, आणि १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी संगणकावरील पत्त्यात माणूस आणि यंत्र वेगळे दाखवण्यासाठी तेच निवडले.

इटालियन लोकांनी या चिन्हाला गोगलगाय म्हटले, डच लोकांनी माकडाची शेपटी; मराठीत मात्र असे चित्रमय नाव रूढ झाले नाही. पत्ता सांगताना येथील माणूस ‘ॲट द रेट’ म्हणतो, ज्याला पत्त्याच्या संदर्भात काहीच अर्थ नाही, कारण पत्त्यात कसलाही दर नसतो. तरीही ते नाव पोकळ नाही. बिलात नगांच्या संख्येपुढे हे चिन्ह काढून एका नगाचा भाव लिहिण्याची जी व्यापारी रीत होती, तिचा उच्चार त्यात जसाच्या तसा टिकला आहे. मंडी मोहल्ला या नावात जसा बाजार शिल्लक आहे, तसाच प्रत्येक ई-मेल पत्त्याच्या मध्यावर या उच्चाराच्या रूपाने भाव सांगणारा एक दुकानदार अजून बसलेला आहे.