किनाऱ्यावरचा वाद

1857 च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर, आजच्या गिरगाव चौपाटीच्या परिसरात, धर्मावरचे जाहीर वादविवाद रंगले. एका बाजूला हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी, म्हणजे विष्णु भिकाजी गोखले. दुसऱ्या बाजूला ख्रिस्ती मिशनरी. त्यांत अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन प्रमुख होते.

विषय नाजूक होता. धर्मांतराच्या प्रश्नावरून तेव्हाची मुंबई तापलेली होती, आणि श्रोत्यांपैकी कोणाचीही श्रद्धा दुखावणे सहज शक्य होते. तरीही माणसे समोरासमोर उभी राहून प्रश्न विचारत आणि उत्तर ऐकून घेत. भाषा प्रसंगी कडक होई, पण प्रतिपक्षाला पुन्हा बोलायची संधी मिळे. वादाची सभ्यता मुख्यतः यातच असते; गोड शब्द त्यानंतर येतात. विरोधकाचा मुद्दा त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडता आला, तर अर्धी कटुता तिथेच ओसरते. थट्टा करायची ती युक्तिवादाची. माणसाची, त्याच्या जातीची किंवा घराची नव्हे.

या वादाचे मोल आणखी एका गोष्टीत आहे. बोवेन यांनी 1857 मध्येच त्याचा इंग्रजी वृत्तांत छापला. विष्णुबुवांच्या बाजूचा ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ हा मराठी वृत्तांत त्यांच्या निधनानंतर, 1872 मध्ये प्रसिद्ध झाला. वाचकाने दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत आणि मगच आपले मत बनवावे.