वाचक नसलेली वही

आकुर्डी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात कोरी डायरी ही कधीच दुर्मिळ वस्तू नव्हती. डिसेंबर सरता सरता पुरवठादार, बँका, विमा एजंट यांच्याकडून डायऱ्या येत आणि कारखान्यातून घरोघर पोचत. त्यांत दुधाचा हिशेब असे, भिशीचे हप्ते असत, गॅसचे सिलिंडर लावल्याची तारीख असे आणि पगाराच्या पावतीशी ताळा करण्यासाठी ओव्हरटाइमचे तास मांडलेले असत. मनातले मात्र त्या पानांवर क्वचितच उतरे. गेल्या वीसेक वर्षांत ते लिहिण्याचे साधन घरोघर आले, पण ते आले ब्लॉग आणि फेसबुकच्या रूपाने, म्हणजे थेट चारचौघांत. हिशेबाच्या डायरीवरून आपण एकदम जाहीर लेखनावर आलो. या दोहोंच्या मधली जी स्वतःपुरती वही, तिची आता गरज आहे का, असल्यास कशासाठी, हा या लेखाचा विषय आहे.

आधी शब्दांचे कूळ पाहू. ‘रोजनिशी’ हा शब्द फारसीतून आला. रोज म्हणजे दिवस आणि नविशी म्हणजे लेखन. फडणवीस आणि चिटणीस या नावांत जो ‘लिहिणारा’ आहे, तोच इथेही आहे. पेशव्यांच्या रोजनिश्यांत सनदा, नेमणुका, वतनांचे तंटे, वसुली आणि खर्च यांच्या नोंदी सापडतात. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यांतले उतारे निवडले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ते अनेक खंडांत छापून निघाले. त्या रोजनिश्यांवर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० साली निबंध लिहिला आणि राज्यकारभाराच्या या कोरड्या नोंदींतून त्या काळचा समाज वाचता येतो हे दाखवून दिले. पण त्या रोजनिशीत कारकुनाचे मन कुठेच नाही. ती दफ्तरासाठी लिहिलेली होती. तिचा वाचक आधीपासून ठरलेला होता.

‘ब्लॉग’चे कूळही असेच आहे. जहाजाचा वेग मोजण्यासाठी खलाशी दोरीला लाकडाचा ओंडका बांधून पाण्यात टाकत. त्या ओंडक्यावरून, म्हणजे ‘लॉग’वरून, जहाजाच्या नोंदवहीला लॉगबुक हे नाव पडले. पुढे ते कारखान्यातही आले. यंत्राने आज कुठे कुरकुर केली, कोणता भाग बदलला, हे जाणारी पाळी येणाऱ्या पाळीसाठी लॉगबुकात लिहून ठेवते. १९९७ साली ‘वेबलॉग’ हा शब्द निघाला आणि १९९९ मध्ये त्याचा ‘ब्लॉग’ झाला. तेव्हा ब्लॉग म्हणजे बिघडलेली खासगी डायरी, ही तक्रार बरोबर नाही. तो लॉगबुकाच्या वंशातला आहे आणि दुसऱ्याने वाचावे हाच त्याचा जन्महेतू आहे. खासगी वहीची जागा तो घेऊ शकत नाही, कारण त्या जागेसाठी तो घडलेलाच नाही.

मग खासगी वहीत वेगळे काय घडते? नाना फडणीसांचे छोटेसे आत्मवृत्त हा आपल्याकडचा एक जुना दाखला. पानिपतावरून सुटून येईपर्यंतची हकिकत त्यात आहे. पानिपतच्या वेळी नाना अठरा वर्षांचे होते. तारुण्यातली विषयवासना आणि तिच्याशी चाललेली झटापट, रणांगणावरून जीव वाचवून निघतानाची अवस्था, हे त्यांनी न लपवता लिहिले आहे. पुढे ज्या माणसाने दौलतीचे हिशेब तपासले, त्याने इथे स्वतःचा हिशेब मांडला आहे. हे लेखन छापखान्यासाठी नव्हते, दरबारासाठीही नव्हते. तसे असते तर त्यातली पहिली काट कशावर पडली असती, हे सांगायला नको.

वाचक समोर आला की लेखन कसे बदलते, हे एकाच लेखणीतून पाहायचे असेल तर अॅन फ्रँककडे जावे लागते. १२ जून १९४२ रोजी, तेराव्या वाढदिवसाला, तिला वही मिळाली आणि ती स्वतःसाठी लिहू लागली. २८ मार्च १९४४ रोजी लंडनहून होणाऱ्या डच नभोवाणीवर मंत्री बोल्केस्टाइन यांनी आवाहन केले की युद्धकाळातल्या डायऱ्या आणि पत्रे जपून ठेवा. ते ऐकल्यावर अॅनने आपली डायरी नव्याने लिहायला घेतली. माणसांना टोपणनावे दिली, काही भाग गाळले, काही ठिकाणी भर घातली. ऑगस्टमध्ये तिला अटक झाली आणि ते काम अपुरे राहिले. पुढे वडिलांनी दोन्ही पाठांतून १९४७ चे पुस्तक सिद्ध केले. दुसरा पाठ लेखिकेचा आहे, पहिला मुलीचा. त्यांपैकी खोटा कोणताच नाही. पण पहिला नसता तर दुसरा लिहायला तिच्यापाशी साहित्यच नसते. खासगी वही जाहीर लेखनाच्या विरोधात नसते, ती त्याच्या आधीची असते.

यावर मानसशास्त्राने प्रयोगही केले आहेत. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या आघातांविषयी लिहायला सांगितले होते. लिहून झाल्यावर लगेच त्यांना अधिकच वाईट वाटले. पण ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या सहा महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या. त्यानंतर असे पुष्कळ प्रयोग झाले. त्यांपैकी १४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००६ साली निघाला. परिणाम खरा आहे, पण लहान आहे, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे डायरी हे औषध नव्हे. मात्र लिहिल्यावर लगेच वाईट वाटणे आणि बरे वाटायला वेळ लागणे, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. जाहीर लेखनात या मधल्या काळातच अंगठे, सल्ले आणि सांत्वने येऊन पडतात. दुःखाचा अर्थ आपल्याला कळण्याआधी इतर लोक तो लावून मोकळे होतात.

वहीला वाचक नसावा, ही इच्छा मात्र नेहमी पुरी होत नाही. वासुदेव बळवंत फडके यांना १८७९ च्या जुलैमध्ये पकडले, तेव्हा त्यांची दैनंदिनी आणि आत्मवृत्त सरकारच्या हाती लागले आणि पुण्यातल्या खटल्यात त्यांचे स्वतःचे हस्ताक्षर त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभे राहिले. चिंचवडचे दामोदर हरी चापेकर यांची गोष्ट याच्या उलट आहे. २२ जून १८९७ च्या रँडवधानंतर पकडले गेल्यावर त्यांनी तुरुंगातच आत्मवृत्त लिहिले. त्याचा पहिला वाचक पोलीसच असणार होता आणि सरकारी कागदपत्रांतच ते टिकून राहिले. वडिलांची कीर्तने आणि भावंडांचे बालपण यांविषयी आज आपण जे वाचतो, ते फाशीची वाट पाहणाऱ्या माणसाने पहारेकऱ्यांच्या देखत लिहिलेले आहे. आकुर्डीच्या शेजारच्या स्टेशनावर उतरणाऱ्याला चापेकर वाडा ठाऊक असतो. या कागदांची कथा सहसा ठाऊक नसते.

सरकारपासून खासगीपण जपण्यासाठी निदान कायदा तरी आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. घरातल्या वाचकाचे काय? बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमचं’ १९८६ साली पुस्तकरूपात आले. फलटणला दुकान सांभाळता सांभाळता त्या लिहीत आणि लिहिलेले कागद नवऱ्याच्या दृष्टीला पडू नयेत म्हणून लपवून ठेवत. ही लपवाछपवी सुमारे वीस वर्षे चालली. मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते लेखन उजेडात आले. जाहीर होण्याची वेळ येईपर्यंत ते जगले, ते केवळ लपवता आले म्हणून.

इथे प्रश्न जागेचा होतो. एका खोलीत पाच-सहा माणसे राहतात तिथे, किंवा प्राधिकरण-आकुर्डीच्या परिसरात कॉट बेसिसवर राहणाऱ्या शिकाऊ मुलाच्या उशाशी, वही ठेवणार कुठे? कुलूप लागणारा खण ही चैन आहे. म्हणून पुष्कळ मुलींच्या बाबतीत मोबाइलचा पासवर्ड हेच आयुष्यातले पहिले कुलूप असते, आणि ते उघडून दाखव असा हट्ट धरणारी माणसेही घरातलीच असतात. ज्यांना घरात ऐकणारे कोणी नाही, ज्यांना मासिकांची दारे उघडली नाहीत, त्यांना ब्लॉगने वाचक दिला, सोबत दिली, हेही तितकेच खरे. खासगी वहीचा पुरस्कार करताना त्या लाभाची टिंगल करण्याचे कारण नाही. फक्त सोबत आणि एकांत या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि एकीच्या मापाने दुसरी मोजता येत नाही.

टिकण्याचा प्रश्न मात्र दोन्हीकडे आहे. तुकोबांची पालखी देहूहून निघाल्यावर आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते, त्यामुळे इंद्रायणीत बुडवलेल्या वह्यांची कथा इथल्या पोरासोरांनाही पाठ असते. त्या वह्या पाण्याने तारल्या अशी श्रद्धा आहे. अभंग लोकांच्या ओठांवर असल्याने ते बुडणे शक्यच नव्हते, असेही म्हणतात. खासगी वहीला असे ओठ नसतात. ती बुडाली की बुडाली. तिला वाळवी लागते, कसर लागते, घर बदलताना ती रद्दीत जाते. पडद्यावरचे लेखनही अमर नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले आणि एका पिढीच्या गप्पांचे घर उठले. याउलट सॅम्युअल पेप्सने १६६० ते १६६९ या काळात लघुलिपीत लिहिलेली डायरी केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयात शतकभर जवळपास न वाचता पडून होती. १८१९ नंतर ती उलगडली गेली आणि १८२५ साली तिचे उतारे छापले गेले. कागदाला पासवर्ड विसरण्याची भीती नसते.

यातून वही लिहिणाऱ्यावर एक जबाबदारी येते. आपल्यामागे तिचे काय करायचे, हे त्यानेच सांगून ठेवावे. काफ्काने आपले कागद जाळायला सांगितले होते आणि १९२४ साली तो वारल्यावर मित्र माक्स ब्रोड याने ते न जाळता छापले. वाद अजून मिटलेला नाही. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली, गोडसे यांच्या पश्चात, छापला. सत्तावनच्या बंडाची आँखोंदेखी हकिकत लेखकाच्या हयातीत बाहेर येऊ नये, एवढी सावधगिरी पुरेशी झाली. जाळावी, मुलीला द्यावी, की पंचवीस वर्षांनी एखाद्या ग्रंथालयाकडे सोपवावी, हे वहीच्या पहिल्या पानावर दोन ओळींत लिहिता येते.

आणि हे फक्त साहित्यिकांनी करण्याचे काम नाही. साठच्या दशकापासून आकुर्डीत स्कूटर घडत होत्या. २००७ साली बजाज ऑटोच्या इथल्या कारखान्यातले वाहन-उत्पादन थांबले. किती वाहने बनली, उत्पादन का थांबले, याची कागदपत्रे आहेत, वर्तमानपत्रांची कात्रणे आहेत. रात्रपाळी करून सकाळी घरी येणाऱ्या माणसाला या गावाचे रूप कसे दिसत होते, गावाकडची शेती सोडल्याचे त्याला केव्हा बरे वाटले आणि केव्हा सलले, हे मात्र त्या कागदांत नाही. ते असलेच तर प्राधिकरणातल्या एखाद्या माळ्यावर, फुकट मिळालेल्या डायरीत, ओव्हरटाइमच्या तासांखाली लिहिलेल्या चार ओळींत असेल. रानड्यांनी पेशव्यांच्या जमाखर्चातून समाज वाचला. आपल्या जमाखर्चाच्या शेजारी निदान त्या चार ओळी असाव्यात. यंदाच्या दिवाळीत माळा झाडताना जुन्या डायऱ्या रद्दीत घालण्यापूर्वी पाने चाळून पाहावीत, लिहिणारा हयात असेल तर आधी त्याला विचारून.