पितळी पत्र्यातून आगगाडीचा डबा

किटचे खोके हातात आले की लगेच कात्री चालवावीशी वाटते. थोडे थांबावे. कोणता डबा आणि तो कोणत्या साली धावणारा, हे आधी ठरवू. पुढच्या निम्म्याअधिक चुकांचे मूळ हा निर्णय टाळण्यात असते.

उदाहरणादाखल ब्रिटनच्या लंडन मिडलँड अँड स्कॉटिश, म्हणजे एलएमएस, रेल्वेचा तिसऱ्या वर्गाचा डबा घेऊ. विल्यम स्टॅनियर १९३२ साली या रेल्वेचे मुख्य यांत्रिक अभियंता झाले. त्यांच्या काळातल्या डब्यांच्या बाजू सपाट पोलादी पत्र्याच्या असत आणि बरेचसे डबे ५७ फुटी होते. बाजूच्या पितळी पत्र्यावर खिडक्या-दारे आम्लाने कोरलेली, अशा स्वरूपात त्यांची किटे मिळतात.

प्रमाण म्हणजे मूळ वस्तू किती पट लहान केली ते. ब्रिटनमध्ये सर्वाधिक चालणाऱ्या 'ओओ' प्रमाणात एक फुटाला ४ मिलिमीटर धरतात, म्हणून आपला डबा २२८ मिलिमीटर लांब होईल. गंमत म्हणजे याच प्रमाणात रूळ मात्र १६.५ मिलिमीटर अंतरावर असतात. हिशेबाने ते १८.८३ हवेत. ही जुनी तडजोड आहे, ती चालवून घ्यावी. मात्र याच किटच्या बोग्या, म्हणजे डब्याखालच्या चार चाकांच्या फिरत्या चौकटी, वापरून भारतीय ब्रॉडगेजचा डबा करू पाहाल तर फसाल. आपला १६७६ मिलिमीटरचा गेज या प्रमाणात २२ मिलिमीटर होतो आणि चाकांमधले अंतर फारच कमी दिसते.

आता साल. एलएमएस १९२३ पासून १९४७ अखेरपर्यंत होती आणि तिचे डबे गडद किरमिजी रंगाचे असत. राष्ट्रीयीकरणानंतर १९४९ पासून किरमिजी-मलई असा दुरंगी साज आला, १९५६ पासून पुन्हा एकरंगी तपकिरी-लाल. तिसरा वर्ग ३ जून १९५६ रोजी नावापुरता बंद झाला, त्याला दुसरा वर्ग म्हणू लागले. क्रमांकाच्या आधी 'एम' हे अक्षर आले, काही काळाने नंतरही. म्हणजे डबा तोच, पण १९३६ चा आणि १९५८ चा रंगवताना रंग, रेघा, क्रमांक सगळेच बदलते. साल कागदावर लिहून खोक्यावर चिकटवा.

पुढे पुरावे गोळा करायचे. 'डायग्रॅम' म्हणजे रेल्वेने त्या प्रकारच्या डब्यासाठी काढलेला क्रमांकित आराखडा. किटच्या माहितीपत्रकात हा क्रमांक दिलेला असेल तर तो धरून पुढे शोधता येते. एलएमएसच्या डब्यांवर डेव्हिड जेन्किन्सन आणि बॉब एसेरी यांनी सविस्तर लिहिले आहे. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जुनी छायाचित्रे आणि आराखडे आहेत.

आराखडा आणि छायाचित्र यांचे पटले नाही तर छायाचित्रावर विश्वास ठेवा. आराखडा काय बांधायचे ते सांगतो, छायाचित्र काय धावले ते. जतन केलेला डबा प्रत्यक्ष पाहायला मिळाला तर उत्तमच, पण दुरुस्तीत त्याचे काय काय बदलले याची चौकशी करा.

इथे एक हमखास घोळ होतो. अशा डब्याच्या एका बाजूला येण्याजाण्याची गल्ली असते आणि दुसऱ्या बाजूला बसायच्या खोल्या. दोन्हीकडच्या खिडक्या वेगळ्या, आणि तळाशी लटकणाऱ्या बॅटरीच्या पेट्याही दोन्हीकडे सारख्या नसतात. एकाच बाजूचा फोटो पाहून काम केले की डब्याचे वरचे अंग एका दिशेला आणि खालचे दुसऱ्या दिशेला, असे होते.

आता पत्रा सोडवा. घडीच्या जागी पत्रा अर्धाच कोरलेला असतो. ती रेघ घडीच्या आत येऊ द्या. घडी एकदाच घाला. मागेपुढे करत राहिलात तर पत्रा तिथेच तुटेल.

बाजूंना खालून आत वळणारी हलकी गोलाई असते. रबरी चटईवर पत्रा ठेवून जाड सळई किंवा लाटणे फिरवले की ती येते. त्याआधी दोन्ही पत्र्यांच्या बाहेरच्या अंगावर मार्करने खूण करा, कारण उलटी वळलेली बाजू पुन्हा सरळ होते खरी, पण तिच्यावर पडलेली लाट जात नाही.

सोल्डरिंग म्हणजे डाग देऊन जोडणे. याला लोक उगाच घाबरतात. उष्णता पत्र्याला द्यायची, सोल्डर आपोआप सांध्यात ओढले जाते. फ्लक्स म्हणजे सांधा स्वच्छ ठेवणारे द्रव्य. पितळासाठी सौम्य फॉस्फोरिक आम्लाचे फ्लक्स चांगले. मोठ्या सांध्यांना १८८ अंशांना वितळणारे सोल्डर, नंतरच्या बारीक भागांना १४५ अंशांचे; म्हणजे नवा डाग देताना जुना सुटत नाही. आधी दोन टोकांना एकेक ठिपका, मग गुण्याने काटकोन तपासून मधले ठिपके. सलग डाग ओढत गेलात तर उष्णतेने बाजू वाकते. पांढऱ्या धातूचे ओतीव भाग या उष्णतेला वितळून गोळा होतात. ते अॅराल्डाइटने चिकटवा. खिडकी उघडी ठेवा आणि काम झाल्यावर हात धुवा.

आता बोग्या. एक बोगी सगळीकडे डोलू द्या, दुसरी फक्त पुढेमागे. दोन्ही मोकळ्या सोडल्या तर डबा कलतो, दोन्ही घट्ट केल्या तर रुळांवरून उतरतो. चाके १४ मिलिमीटर व्यासाची.

रंगाआधी डबा साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासून धुवा. फ्लक्स राहिले तर काही दिवसांनी हिरवट डाग फुटतात आणि रंग पापुद्र्यासारखा सुटतो. धातूचा प्रायमर, मग रंगाचे पातळ हात. रेघा आणि आकडे चकचकीत पृष्ठभागावरच लावा, नाहीतर त्यांच्याखाली हवा अडकून चंदेरी झाक दिसते. सर्वांत शेवटी मंद चमकेचे वार्निश.

आतली आसने, भिंती, मग खिडक्यांचे पारदर्शक तुकडे. यांना सुपरग्लू लावू नका. त्याच्या वाफेने प्लास्टिक धुरकट होते आणि ते पुसून जात नाही. पांढरा फेविकॉल पुरतो. छत स्क्रूने बसवा, कायमचे चिकटवू नका. एखादे आसन आत सुटून खडखडणारच. वाफेच्या काळात छतावर काजळी बसायची, म्हणून ते मळकट राखाडी ठेवा.

पहिलेच किट म्हणून भोजनयान घेऊ नका. एलएमएसची मोठी भोजनयाने ६८ फुटी आणि बारा चाकांची होती. त्यांच्या बोग्याच नवशिक्याला थकवतात. तिसऱ्या वर्गाचा साधा डबा घ्या. कुठल्याही गाडीला तो लागतोच.